डबलडेकरला दहापैकी साडेआठ

मार्क आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. डबलडेकर सँडविचला माझ्याकडून दहापैकी साडेआठ. दीड मार्क कापला तो बीटाचा.

ज्या हॉटेलात ते मिळायचं त्याच्या चारही शाखा बंद झाल्या आहेत. गिरगाव, दादर, पार्ले आणि ठाणे. त्यामुळे माझं वाचून कुणी तिथे जाईल आणि ‘काय हो, एवढं काय होतं त्यात?’ म्हणून मला धरेल, ही भीती नाही. हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. मालकांच्या दोन घरांत नावावरूनच कोर्टकचेरी चालली होती असं ऐकलंय, त्यात मला पडायचं नाही. तसंही आमच्या घरात त्याला कुणी नावाने ओळखत नव्हतं. आम्ही म्हणायचो ‘हिरव्या खुर्च्या’. “हिरव्या खुर्च्यांत जाऊ या का?” असं बाबांनी विचारलं की समजायचं, पगार झालाय. चारही शाखांत त्याच बाटलीहिरव्या रेक्झिनच्या खुर्च्या होत्या. मे महिन्यात फ्रॉक घालून बसलं की मांड्या त्यांना चिकटायच्या आणि उठताना चर्र आवाज यायचा. पाणी आणणारा पोऱ्या चार ग्लासांत चार बोटं बुडवून आणायचा. भिंतीवर आरसा, आरशाखाली ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’, आणि मागे अर्ध्या दारांची फॅमिली रूम. त्यात आम्ही कधी बसलो नाही, कारण तिथून सँडविचचं काउंटर दिसत नसे.

पहिल्यांदा खाल्लं १९७७ साली. चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा देऊन आले होते. निकाल लागायचा होता, पण बाबांचं म्हणणं पडलं की निकालानंतर खायची पाळी येईल न येईल, आत्ताच खाऊन घेऊ. (आली नाही. बाबांना माझा अंदाज होता.) दोन रुपये किंमत होती. हे मला पक्कं आठवतं, कारण आईने त्या दोन रुपयांचा उद्धार पुढे कित्येक महिने केला. तिच्या लेखी ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप आला की दुधात बुडवून द्यायचा, ताप उतरला की बंद. धडधाकट माणसांनी, तेही इस्त्रीचे कपडे घालून, पैसे मोजून ब्रेड खायला जायचं हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. “बटाटा उकडलेला, काकडी कच्ची, पाव बेकरीचा. ह्यांनी केलं काय?” हा तिचा कायमचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता. मला त्याचं उत्तर मिळायला सत्तेचाळीस वर्षं लागली, ते पुढे सांगते.

आधी सँडविच. डबलडेकर म्हणजे तीन स्लाइस, कडा कापलेले. खालच्या मजल्यावर हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि पातळ कांदा. वरच्या मजल्यावर काकडी, किसलेलं चीझ आणि बीटाची एक चकती. टोमॅटो नाही. टोमॅटो का नाही हे तेव्हा कधी विचारलं नाही. आता कळतं की टोमॅटोचं पाणी सुटतं आणि पाच मिनिटांत ब्रेडचा लगदा होतो. चीझ अमूलचं, डब्यातलं. चाकूने ठोकळा बाहेर काढून आमच्यासमोर किसायचे. सँडविच तिरकं न कापता उभ्या तीन पट्ट्यांत कापायचे आणि अंडाकृती स्टीलच्या बशीत झोपवून द्यायचे. सोबत सात-आठ वेफर्स आणि वाटीभर लाल सॉस, ज्यात टोमॅटोपेक्षा भोपळा जास्त असावा असा बाबांना संशय.

आता त्याची खरी गंमत. बाहेरून ते सँडविच मऊ होतं. अगदी साध्या ब्रेडसारखं मऊ, बोट लावलं तर ठसा उमटेल असं. पण चावलं की आत कुरकुर यायची. आधी मऊ, मग कुरकुर, मग गार बटाटा आणि चटणी, मग मध्ये पुन्हा मऊ लोण्याचा थर, पुन्हा कुरकुर. टोस्ट खाताना टाळू सोलवटतो तसं इथे कधी व्हायचं नाही. मी लहानपणापासून पुष्कळ टोस्ट सँडविचं खाल्ली, पण असं आतून कुरकुरीत आणि बाहेरून मऊ दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. घरी करायला गेलं की नेमकं उलटं व्हायचं.

आणि बीट. बीटाला मातीचा वास येतो, कुणी काहीही म्हणो. शिवाय त्याचा रंग चीझला लागून गुलाबी डाग पडायचा, जखमेवरच्या पट्टीसारखा. मी वरचा स्लाइस उचलून बीट काढायचे आणि धाकट्या भावाच्या बशीत ठेवायचे. तो दोन्ही चकत्या मिटक्या मारत खायचा. त्याच्या मोबदल्यात त्याचे दोन वेफर्स माझे. हा करार आम्ही मोठे होऊन, नोकरीला लागून, आपापले पैसे द्यायला लागल्यावरही मोडला नाही.

नाव अर्थातच बेस्टच्या दुमजली बसवरून. ती बस मुंबईत १९३७ साली आली आणि जुन्या डिझेलवाल्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला गेली. त्या दिवशी लोकांनी बसला हार घातले, फोटो काढले. आता विजेवर चालणाऱ्या एसी दुमजली आल्या आहेत. छान आहेत, पण वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसून तोंडावर वारा घ्यायची सोय गेली. भाऊ सँडविचचा वरचा मजला आधी खायचा, कारण बसमध्ये तो नेहमी वर धावायचा. मी कंडक्टरसारखी खालून सुरुवात करायचे.

शाखांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गिरगावची मूळ, ती सर्वोत्तम. दादरला चटणी तिखट, पण गर्दी इतकी की आपलं होईस्तोवर कुणीतरी खुर्चीची पाठ धरून उभंच. पार्ल्याला चीझच्या बाबतीत हात आखडता. ठाण्याची शाखा मी एकदाच पाहिली, तिथे डबलडेकर मागितल्यावर त्यांनी टोमॅटो घातला. ती सगळ्यात आधी बंद पडली. टोमॅटोमुळेच पडली असं मी म्हणत नाही.

१९८८ ला मी फोर्टात एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी आईबाबा, भाऊ, सगळ्यांना हिरव्या खुर्च्यांत घेऊन गेले. आईने त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण एक डबलडेकर खाल्लं. खाऊन झाल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, “मीठ बरोबर आहे.” तिच्या तोंडून हॉटेलच्या पदार्थाबद्दल याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आल्यावर गिरगाव सुटलं, मग दादरला उतरून खायचे. नंतर दादरच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. गिरगावचं शेवटपर्यंत टिकलं होतं. २०१० च्या दिवाळीला ‘सुट्टी’ची पाटी लावली, ती कधी काढलीच नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीतलं कॅफे समोवार २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं तेव्हा पेपरांत लेखांवर लेख आले. पुढच्या वर्षी ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान गेलं, तेव्हाही लोक हळहळले. साहजिक आहे, तिथे चित्रकार, गायक, नाटकवाले बसायचे-उठायचे. हिरव्या खुर्च्यांत बसायचे ते मंत्रालयातले क्लार्क, एलआयसीतले लोक, मुलगी दाखवून झाल्यावर बाहेर बोलायला पाठवलेली जोडपी आणि आम्ही. आमच्यावर लेख कोण लिहिणार? म्हणून हा मीच लिहितेय.

मधल्या वर्षांत मी शोधलं नाही असं नाही. फोर्टातल्या फुटपाथवरचं सँडविच मी वीस वर्षं खाल्लंय आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. कोळशाच्या शेगडीवर लांब दांड्याचा हातातला टोस्टर उलटसुलट करत, वरून लोणी घासत, सहा तुकडे करून शेव भुरभुरवून देतात ते आपल्या जागी राजा आहे. त्याचा मसाला तर पुडी बांधून घरी न्यावा असा: जिरं, बडीशेप, मिरी, दालचिनी, आमचूर, काळं मीठ. पण ती वेगळी जात आहे. तिथे सगळा मामला बाहेरच्या कुरकुरीचा आणि लोण्याचा. उभ्याने, टायवर चटणी सांडत खायची गोष्ट. त्याला आठ.

तीन मार्क मिळवणारंही एक आहे. पार्ल्यात एका नव्या कॅफेत ‘जुन्या बॉम्बेची आठवण’ म्हणून सँडविच ठेवलंय अशी खबर मुलीने आणली. तीनशे ऐंशी रुपये. लाकडी पाटावर आलं, म्हणजे हळदीकुंकवाला आपण बसतो तसल्या. ब्रेड आंबट, जाड आणि असा चिवट की माझी पुढची कॅप हलली. (ही कॅप पुढे कामी येणार आहे.) आत चटणी होती, पण तिच्यात तुळशीसारखं काहीतरी. मुलगा विचारायला आला, “कसं वाटलं मॅम?” मी म्हटलं, “पाट छान आहे.”

तर ती कॅप. २०२४ च्या पावसाळ्यात डोंबिवलीत दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, सोबत त्यांची सून. गृहस्थांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि डाव्या हाताच्या तर्जनीला नख नव्हतं. मी त्या बोटाकडे बघत राहिले. माणसाचा चेहरा मी ओळखला नसता, पण हे बोट मी काचेपलीकडे शंभर वेळा पाहिलेलं. ब्रेडवर सपाट ठेवलेला डावा पंजा, तर्जनी किंचित वर उचललेली, आणि उजव्या हातातला लांब चाकू एका दमात खाली.

“काका, तुम्ही गिरगावात हिरव्या खुर्च्यांच्या हॉटेलात होता का?”

हिरव्या खुर्च्या त्यांना कळेनात. मी नाव सांगितलं तसे ताठ बसले. “सत्तावीस वर्षं! सँडविच आणि ज्यूस, दोनी माझ्याकडं. तुमी कोण?”

मी म्हटलं, गिऱ्हाईक. मग इकडचं तिकडचं झालं. गाव संगमेश्वरकडचं, हॉटेल बंद झालं तेव्हा हिशेबाचे पैसे अर्धेच मिळाले, मुलगा इथे रेल्वेत. मला नंबर लागायच्या आत विचारून घ्यायचं होतं.

“काका, डबलडेकर घरी जमत नाही हो. कितीदा केलं.”

“टोस्ट कुठल्या बाजूनं करता?”

“कुठल्या म्हणजे? बाहेरून.”

काका हसले. तोंडात मोजून पाच-सहा दात. “मग कसं जमंल, ताई? आतून करायचा.”

तव्यावर स्लाइस एकाच बाजूने भाजायचा, तोही कोरडा, लोण्याशिवाय. वर काट्यातलं दोन किलोचं वजन ठेवायचं, फडक्यात गुंडाळून, म्हणजे ब्रेड फुगत नाही आणि भाजणी सारखी होते. मग ती भाजलेली बाजू आत घालायची. त्या बाजूला लोणी अगदी कडेपर्यंत लावायचं, एक बोटही मोकळं सोडायचं नाही, कारण लोणी म्हणजे भिंत. भिंतीला भोक राहिलं की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये शिरतं. मधला स्लाइस भाजायचाच नाही, त्याला दोन्हीकडून लोणी. ब्रेड कालचा. आजचा ताजा ब्रेड चाकूखाली चिरडतो, त्याला धार दाखवली की रडतो, असं काका म्हणाले. बटाटे आदल्या रात्री सालासकट उकडून ठेवायचे आणि सकाळी गार चिरायचे. गरम चिरले की फुटतात आणि चकती भाजीसारखी पसरते. चटणीत पाणी घालायचं नाही, ज्यूसच्या पेटीतला बर्फ घालायचा. मिक्सर तापतो आणि चटणी काळवंडते, बर्फ तिला हिरवी ठेवतो.

मी डॉक्टरांच्या फाइलच्या पाठीवर लिहून घेत होते. तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. आत जाताना दारात थांबून म्हणाले, “चटणीत अजून एक असतंय, आल्यावर सांगतो.” सून म्हणाली, “बाबा, आधी दात.”

वीस मिनिटांनी बाहेर आले ते गालात कापसाचा बोळा धरून. अर्धं तोंड बधिर, तासभर बोलायचं नाही असा हुकूम. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. खिशातून डॉक्टरांच्या औषधाची चिठ्ठी काढली. सून “अहो बाबा” म्हणेस्तोवर तिच्या चारही कडा सरळ पट्ट्यांत फाडल्या, बोटाएवढ्या रुंदीच्या, एकसारख्या. मधला चौकोन सुनेच्या हातात दिला. त्या चार पट्ट्या तळहातावर गोळा केल्या, दुसऱ्या हाताने वर झाकण लावल्यासारखं केलं आणि बोट गरागरा फिरवलं. मग माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

कडा! ब्रेडच्या कापलेल्या कडा मिक्सरमधून चटणीत जायच्या.

माझ्या डोळ्यांसमोर ते काउंटर आलं. कापलेल्या कडांचा ढीग एका ॲल्युमिनियमच्या परातीत पडायचा आणि मला वाटायचं हे सगळं गाईला जात असणार. ती चटणी ब्रेडला धरून बसायची, ओघळायची नाही, याचं कारण ते. लोक यासाठी पंढरपुरी डाळं घालतात, कुणी उकडलेला बटाटा. पण भाजक्या कडेचा जो किंचित खरपूस वास चटणीला यायचा तो डाळ्याला कुठून येणार? आईचा सवाल आठवला: ह्यांनी केलं काय? कालचा ब्रेड, रात्रीचे बटाटे, फेकायच्या कडा. आई हे ऐकून खूश झाली असती. तिच्या स्वयंपाकघरातही दुसरं काय चालायचं?

त्या रविवारी केलं. बरंचसं जमलं. आतून कुरकुरीत, बाहेरून मऊ, अगदी तेच. दोन किलोचं वजन घरात नव्हतं म्हणून खलबत्त्याचा खल वापरला. पण काहीतरी कमी होतं, आणि ते कळायला अजून दोन रविवार गेले. पाकिटातला कापलेला ब्रेड जाड असतो आणि गोड असतो. तीन स्लाइस एकावर एक ठेवले की तोंडात नुसता ब्रेडच ब्रेड, मजल्यांवर राहणाऱ्यांचा पत्ता नाही. काका अख्खा, न कापलेला ब्रेड घ्यायचे आणि पोस्टकार्डापेक्षा थोडासा जाड कापायचे.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो केमिकल इंजिनिअर, पुण्याला असतो, आणि प्रत्येक आठवणीवर केमिकल ओतणं हा त्याचा धर्म आहे. म्हणाला, “ताई, ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट घालायचे, २०१६ ला त्याच्यावर बंदी आली. तू जो मऊपणा शोधतेयस ना, तो ब्रोमेट असेल.” मी फोन ठेवला. आमच्या लहानपणी घरात आलाच तर मॉडर्न ब्रेड यायचा, सरकारी कंपनीचा. ती कंपनी १९६५ ची, २००० साली हिंदुस्तान लिव्हरला विकली. सरकारने ब्रेड करावा की नाही यावर तेव्हा मोठे वाद झाले होते. हिरव्या खुर्च्यांचा ब्रेड मात्र सरकारी नव्हता, धोबीतलावकडच्या एका भट्टीतून यायचा, एवढं काकांनी सांगितलं होतं.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाल्यावर मी एक दिवस मुद्दाम दादरहून मेट्रो पकडली आणि गिरगावला उतरले. आयुष्याची पहिली चोवीस वर्षं ज्या जमिनीवर काढली तिच्या पोटातून बाहेर आले ते सरकत्या जिन्याने, आणि दोन मिनिटं मला दिशाच कळेना. मेट्रोच्या कामात कितीतरी जुन्या इमारती गेल्या. पणशीकरांचं दुकान दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला, मग तिथून पावलांना रस्ता आपोआप सापडला. हिरव्या खुर्च्यांच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे. आत काय होणार याचं चित्र कुंपणावर लावलंय: तेवीस मजले, खाली पोडियम पार्किंग, आणि एक गोरी बाई कुत्रं फिरवतेय. गिरगावात. मी चित्राचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने उत्तर दिलं, “डबलडेकर नाही, तेवीसडेकर.”

धोबीतलावच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत एक भट्टी सापडली. तीच की दुसरी, कोण सांगणार. पण लाकडावरची होती, आणि दारात उभं राहिलं की अंगावर येणारा तो आंबूस-खरपूस वास होता. मालक गल्ल्यावर वैतागून बसलेले. हायकोर्टाने २०२५ च्या जानेवारीत आदेश दिला की लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायचं, हवा बिघडते. “हवा तर बिघडतेच ताई, मी कुठे नाही म्हणतो,” ते म्हणाले, “पण नव्या ओव्हनचे आकडे ऐकलेत का?” गॅसवाला माणूस येऊन माप घेऊन गेला होता. मी न कापलेला ब्रेड मागितला तर त्यांनी दोनदा विचारलं, “मशीनवर कापून देतो की, फुकट आहे.” नको म्हटलं. दोन घेतले. वर्तमानपत्रात बांधून दिले, सुतळीने. येताना मेट्रोत तो वास असा पसरला की शेजारची मुलगी कानातलं काढून इकडेतिकडे बघायला लागली.

एक रात्र ठेवला. सकाळी अर्धा तास फ्रीझरमध्ये टाकला, कारण माझा हात म्हणजे काकांचा हात नव्हे. थोडा कडक झाला की पातळ कापता येतो. तरी पहिले चार स्लाइस नकाशासारखे निघाले, एकीकडे महाराष्ट्र, एकीकडे केरळ. ते चटणीत गेले. पुढचे जमले. भाऊ आणि वहिनी दिवाळीला आले होते. मी स्टीलच्या अंडाकृती बश्या तुळशीबागेतून त्यालाच आणायला सांगितल्या होत्या, कशासाठी ते न सांगता. पट्ट्या कापल्या, आडव्या ठेवल्या, सात-सात वेफर्स, वाटीत सॉस. भोपळ्याचा नव्हता, तेवढी तडजोड.

भावाने एक पट्टी उचलली. वरचा मजला आधी, सवयीने. चावला. थांबला. पुन्हा चावला. ब्रोमेटचं नाव काढलं नाही. पहिली पट्टी संपवून त्याने दुसरीचा वरचा स्लाइस दोन बोटांनी उचलला आणि आत डोकावून बघितलं.

“बीट कुठाय?”

“नाही घातलं. मला आवडत नाही.”

“मग हे डबलडेकर नाही.”

“अरे, सगळं तेच आहे. चटणी, आतली भाजणी, कडा...”

“ताई, बीटाशिवाय तुझं चीझ नुसतं खारट लागतंय. तो गोडवा कुठून आणणार? तू आयुष्यात कधी ते बीटासकट खाल्लंयस का?”

नव्हतं खाल्लं. एकदाही नाही. वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. त्याने माझ्या बशीतले दोन वेफर्स उचलले आणि कराराप्रमाणे बीट येईपर्यंत ते आपल्याकडे राहतील असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून एक बीट आणलं, लहानसं. उकडून, पुसून, पातळ चकत्या केल्या. पुसणं महत्त्वाचं, नाहीतर गुलाबी ओघळ येतात. एक सँडविच त्याला, एक मला. मी डोळे मिटून खाल्लं. चीझचा खारटपणा खरंच मऊ झाला होता, हे मान्य. पण मातीचा वास आलाच.

साडेआठ कायम.